पहिल्या हाकेला

नाय, चहा-बिस्किटासाठी नाय गेली मी मिटिंगला. चहा माझ्या घरी होतो, आणि ते बिस्किट माझ्या कवळीत अडकतं. पोरीसाठी गेली. आये, तुला म्हणून सांगते, बाकी कोणाला खुलासे द्यायची मला गरज नाय. अर्धा पाडा चहालाच आला होता आणि मलाच बघून हसत होता, म्हातारी कधी उंबऱ्याबाहेर पडत नाय ती आज पहिल्या ओळीत बसली म्हणून. नातीसाठी गेली. माझ्या पोराची धाकटी, शहापूरला होस्टेलात राहून नववी शिकते. दिवाळीच्या सुट्टीला आली ती घुमी होऊन. विचारलं तर काय नाय. पोटात दुखतं का, नाय. कोण काय बोललं का, नाय. जेवायला बसली की भाताचे बारीक गोळे करायची, बोराएवढे, आणि ताटाच्या कडेला ओळीत लावून ठेवायची. तोंडात एक नाय. सून बोलली नखरे करते, मी पण आधी तेच बोलली असती. पण ते गोळे बघितले आणि हातातली भाकर मी खाली ठेवली. हे माझी थोरली बहीण करायची. असेच, एवढेच, ओळीत. थोरली गेली तेव्हा मी नऊ वरसांची, साठ वरसं झाली त्याला. तिचा फोटो नाय घरात, तिचा विषय कोणी काढत नाय, आणि ते गोळे बघितले फक्त तू आणि मी. मंग ह्या पोरीच्या बोटात ते आले कुठून, ते सांग मला.

तुला सगळं माहीत हाय, तरी मी माझ्या तोंडानं सांगते, कारण तू कधी तोंड उघडलंच नाय. थोरलीला तू मुरबाडला तुझ्या चुलत बहिणीकडं शिकायला ठेवली होतीस. सातवीला होती, हुशार होती, बाबा गावभर सांगत फिरायचे माझी पोरगी मास्तरीण होणार. मी तेव्हा तिसरीला, मला तिचा राग यायचा, कारण नवीन झगा तिला आणि जुना मला. त्या दिवाळीला ती घरी आली आणि परत जायचं नाव काढेना. का, ते पण सांगेना. आपल्या घरची रीत अशी, आधी बाबा, आजा आणि कापणीला आलेले गडी जेवणार, मंग आपण तिघी, चुलीच्या मागं, अर्ध्या काळोखात, उरलं असंल ते. कोणी किती खाल्लं ते कोणाला दिसायचं नाय. थोरली गोळे लावायची, ताट उचलायची आणि मागल्या दारी कोंबड्यांपुढं ओतायची. थोड्या दिवसांनी कोंबड्यांनी उकिरडा उकरायचं सोडलं, मागल्या दाराशीच बसून राहायच्या. तू बोललीस, ह्यांना बरे दिवस आलेत. तेवढंच बोललीस. मंग भगताला बोलावलं. भगतानं सुपात तांदूळ टाकले, दाणे बघितले आणि बोलला विहिरीवरचं काहीतरी लागलंय, कोंबडा मागतंय. कोंबडा दिला. तिच्याच भातावर माजलेला. तिला कोणी विचारलं नाय मुरबाडला काय झालं. बाबांनी नाय, तू नाय. मी तर नायच. मला वाटायचं, हिची मजा, शाळेत जायला नको.

आणि ती हाकेची रीत. तूच शिकवलीस, तुला तुझ्या आयेनं. टळटळीत बारा वाजता आणि दिवे लागताना बाहेरून कोणी हाक मारली तर पहिलीला गप बसायचं, दुसरीला उठून बघायचं, तिसरीला ओ द्यायची. भुताला एकदाच हाक मारता येते, त्याला तेवढाच दम असतो. पहिलीला ओ दिली की ते तुला घेऊन गेलं. एकदा शेजारीण भर दुपारी विस्तव मागायला आली, तिनं अंगणातून एक हाक मारली आणि मी ओ दिली, तर तू माझ्या थोबाडीत मारलीस. शेजारीण खापरी हातात घेऊन दारात उभी, जिवंत, धडधाकट, आणि तू मला मारतेस. वर ती पण बोलली, बरं केलंस गो, पोरीला वळण पायजे. तेव्हापासून पहिल्या हाकेला माझं तोंड आपोआप मिटतं. नवऱ्यानं हाक मारली तरी. बिचारा सगळं आयुष्य दोनदा हाका मारत राहिला.

तो दिवस पण दुपारचाच. कापणी संपलेली, माणसं खळ्यावर झोडणीला, घरात तू आणि मी. थोरली मागं कुठं तरी. तू नाचणीची भाकर टाकतेस, मी मागल्या दाराला टेकून बसलेली. ऊन असं पडलंय की अंगणातल्या दगडाची पण सावली त्याच्या पोटाखाली गेली. कोंबड्या गप. पाखरू नाय. खळ्यावरचा झोडणीचा आवाज पण एकाएकी थांबतो, गडी पाणी प्यायला बसले असतील. आणि विहिरीच्या बाजूनं हाक येते. गो आये. मोठ्यानं नाय, घाबरून नाय. सांडशी दे गो, असं मागावं तसं. तू माझं मनगट धरतेस, पिठाच्या हातानं, एवढं घट्ट की माझी बोटं बधिर होतात. मी तुझ्या तोंडाकडं बघते. तू माझ्याकडं बघत नाय, दाराबाहेर बघतेस. मंग हात सोडून चुलीकडं वळतेस, जाळ पुढं सारतेस, आणि पाठमोरी विचारतेस, "परत आली का गो?" मी बोलते, "नाय." तू भाकर उलटतेस. माझ्या मनगटावर पिठाची पाच बोटं, मी ती फुंकून उडवते.

दिवस कलल्यावर माणसं विहिरीवर गेली. पाय घसरला, असं आपण सांगितलं. आजपर्यंत तेच सांगतो.

मला चौथीनंतर तू शाळेतून काढलंस. शिकायला पाठवलेली एक गेली, आता दुसरी नाय, असं बोललीस आणि पाटी माळ्यावर टाकलीस. म्हणून हे अक्षर असं, आणि चुका असतील त्या तुझ्या. भाऊ नव्हता म्हणून नवरा घरजावई आणला, म्हणून मी ह्याच घरात, ह्याच मागल्या दाराशी. आणि सव्वीस वरसं मी तुला बघितलं. रोज दुपारी बारा वाजता हातात असंल ते तसंच धरून तू थांबायचीस. पळी तर पळी, विळी तर विळी. लुगडं पिळताना थांबलीस तर पाणी पायावर गळत राहायचं आणि तुला कळायचं नाय. मान थोडी वाकडी. दुसऱ्या हाकेची वाट बघत. भगतानं बजावलं होतं, आता ती रोज हाक मारणार, ओ दिलीस तर घरातलं एक माणूस नेणार. पहिली हाक तुला रोज ऐकू यायची का, ते मी कधी विचारलं नाय. मला वरसातून एखाददा यायची. गो आये. तेवढंच. आवाज मोठा झाला नाय, म्हातारा झाला नाय. मी केस पिकवले आणि ती तेरा वरसांचीच. तू गेलीस तेव्हा मला वाटलं, आता तुझ्या मागोमाग ती पण जाईल, दोघी मिळून बसा. नाय गेली. तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी बारा वाजता माझा हात थांबला, हातात तांदळाचं सूप, आणि माझी मान वाकडी. मी स्वतःला शिवी दिली. तरी दुसऱ्या दिवशी परत थांबला.

बारा वरसं मी शाळेची खिचडी शिजवली, ते तुला माहीत नाय. मोठं पातेलं, तीन दगडांची चूल, नंतर गॅस आला. तिथं पोरी यायच्या, नुसत्या उभ्या राहायच्या. एक होती, रोज मधल्या सुट्टीच्या आधी येऊन भिंतीला पाठ लावून उभी राहायची. काय गो, तर काय नाय. मी उलथनं दाखवून वर्गात हाकलायची. तिला भूक लागत असंल असं मी धरून चाललेली. आता वाटतं भूक नसंल. आता वाटून काय उपयोग, तिची पोरं शाळेत जायला लागली.

तर मिटिंग, पोरींच्या खाण्याजेवणाची. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकलेली. शहापूरहून संस्थेच्या दोन पोरी आलेल्या, अंगानं काडी, पाठीवर ही थोर बॅग. आपल्या पाड्याची आशावाली त्यांच्यासोबत, घरोघर सरकारी गोळ्या वाटते, बाळांची वजनं घेते ती, बौद्धवाडीतली, तिच्या आयेला तू ओळखायचीस. तक्ता टांगला आणि जेवणाचं सुरू केलं, नाचणी खा, शेवग्याचा पाला खा, पोरींना अंडं द्या. मी बोलली, बाय, नाचणी आमचीच, तुमच्या लोकांनी गहू दाखवला तेव्हा आमी सोडली. सगळे हसले. मंग त्यातली एक बोलली, काल घरात सगळ्यात शेवटी कोण जेवलं? बायकांनी हसत हसत हात वर केले. आणि तेव्हा टोपात काय उरलं होतं? हात एकेक करून खाली. मंग दुसरं चित्र टांगलं, माणसाचा मेंदू, कोबीचा गड्डा जसा. बोलली, आजी, मन कुठं असतं? मी बोलली पोटात. मला वाटलं चूक काढंल, पण तिनं ते वहीत उतरवून घेतलं. ह्यांना उतरवून घ्यायचा सोस लय. मंग तिनं सांगितलं, पोर जेवायचं सोडतं, बोलायचं सोडतं, ते नखरे समजू नका. पोर एकदा काय सांगायला आलं तर हातातलं काम सोडा. का गेलीस, का बसलीस, का बोललीस, असं पहिलं विचारू नका. आधी ऐका, कारण पोर परत येईलच असं नाय.

मी का बोलली मला माहीत नाय. कंटाळून बोलली असंल. मी बोलली, आमच्यात पहिल्या हाकेला ओ देत नाय.

हसले सगळे, आणि नळ बंद करावा तसे थांबले. सगळ्या बायकांनी खाली सतरंजीकडं बघितलं. संस्थेची पोर सगळ्यांच्या तोंडाकडं बघते, तिला काय कळेना. मंग खालच्या आळीच्या म्हातारीनं तिला सगळं समजावलं, बारा वाजताचं, तीन हाकांचं. पोरीनं पेन उचललं आणि परत ठेवलं. तेव्हा आशावाली बोलली. तिला माझ्या तोंडाला लागायची सवय हाय, मी तिला पाच वेळा घरातून हाकललंय, गोळ्या घ्या मावशी, गोळ्या घ्या, करते म्हणून. ती बोलली, "आमच्या आज्यानं देव पाण्यात सोडले तेव्हा भुतं पण त्यांच्या मागोमाग गेली, मावशी. मी पहिल्या हाकेला जाते. बाळंतीण तीन हाका मारायला थांबते का?" बायका परत हसल्या. मी नाय हसली. मी बोलली, तुझ्या मागं भूत लागंल तेव्हा कळंल. ती बोलली, लागलं तर त्याचं पण वजन करीन. मला राग आला. राग आला म्हणजे लागलं. घरी जाईपर्यंत मी तिला मनातल्या मनात शिव्या देत होती आणि प्रत्येक शिवीच्या मागून तेच, तीन हाका मारायला थांबते का.

घरी येऊन मी सांगून टाकलं, आजपासून सगळे एका टायमाला जेवणार, ओटीवर, उजेडात. पोरगा आसनगावला कंपनीत जातो, थकून आलेला. बोलला, म्हातारे, चहात काय घातलं होतं त्यांनी? मी बोलली, बस गप. बसले. आणि उजेडात त्यानं पहिल्यांदा बघितलं त्याच्या पोरीचं ताट. सात गोळे. ओरडला, खेळायला दिलंय का, म्हणून. पोरीनं मान खाली घातली, आठवा गोळा केला. सून मला आत येऊन हळूच बोलली, आई, भगताला बोलवू या, विहिरीवरून जाणं-येणं होतं हिचं. मी बोलली, ह्या घरातून आता कोंबडा जाणार नाय. तिला काय माहीत. पण मी पण पुढं काय करणार होती, ते मला कुठं माहीत होतं. पोरीजवळ जाऊन बसायची, ती उठून जायची. ऐका, ऐका, म्हणे. बोलतच नाय तिचं ऐकायचं काय.

आणि ती मागल्या दाराशी जायला लागली. बारा वाजता. कोणी सांगितलं नाय, घड्याळ बघितलं नाय. दाराच्या चौकटीला हात लावून उभी, मान थोडी वाकडी. मी बघितलं आणि मला वाटलं तूच उभी हायस, पंजाबी ड्रेस घालून. मी बोलली, काय बघतेस गो? ती बोलली, "आजी, मागच्या अंगाला कोण राहतं?" मागं कोण राहणार. शेत, करवंदीच्या जाळ्या आणि विहीर. मी बोलली कोण नाय. ती बरं बोलली आणि आत जाऊन चादर ओढून झोपली. मी त्या दिवशी चादरीवर हात ठेवून बसली, तासभर, ती झोपली नव्हती आणि मला माहीत होतं. मला एकच दिसत होतं, सुट्टी संपायला चार दिवस, आणि आपल्या घरात दिवाळीला घुमी होऊन आलेली पोर परत शाळेत गेलेली नाय.

मंग तो दिवस आला. पोरगा कंपनीत, सून खळ्यावर. पोर आत चादर ओढून. मी मागच्या पडवीत चुलीवर भाकर टाकलेली, गॅसवरची मला गोड लागत नाय. ऊन तसंच. आणि सगळं थांबलं. तुला माहीत हाय कसं थांबतं. आधी माशा थांबतात. मंग लांब रस्त्यावर गाडी चालली असंल तिचा आवाज येत असतो तो जातो. मंग जाळाचा आवाज पण जातो, जाळ दिसतो, आवाज नाय. आणि विहिरीकडून, गो आये.

पोर मला आजी बोलते. सून आई. आये बोलणारं माणूस ह्या घरात कोण उरलं नाय. आवाज तोच, सांडशी मागावी तसा. माझा हात परातीत थांबला, मान वाकडी झाली, तोंड मिटलं. आणि माझं मनगट कोणीतरी धरलं. आये, मी खोटं सांगत नाय, मला ह्या वयात खोटं सांगायची हौस नाय. पाच बोटं, घट्ट, पिठाची खरखर. तू धरलंस का सवयीनं धरलं, ते तुझं तू बघ. साठ वरसं मी त्या हाताचं ऐकलं. दुसरी येऊ दे, मंग उठू. तसं मनात आलं पण. आणि आत बघितलं तर चादर सपाट. नुसती चादर.

मी हात झटकला. जन्मात पहिल्यांदा तुझा हात झटकला. आणि ओ दिली. अशी दिली की माझा घसा फाटला, खळ्यावर सुनेला ऐकू गेली. ओ, आली गो. मनात बोलली, नेशील तर मला ने, माझ्याकडं उरलंय काय, गुडघे आणि कवळी. भाकर तव्यावर तशीच टाकली आणि धावली. धावली म्हणजे चालली, पण माझ्या परीनं धावली.

पोर विहिरीच्या कठड्यावर बसलेली. कठडा आता हाय, पंचायतीनं बांधला, गुडघ्याएवढा. पाय आतल्या बाजूला. पण तोंड माझ्याकडं, मान मागं वळवून, डोळे हे एवढे. मी ओरडली नाय. मी जवळ गेली आणि बोलली, सरक, माझे गुडघे दुखतात, मला बसू दे. ती सरकली. बसायला जागा करायची म्हणून तिनं पाय बाहेर घेतले. मी तिच्या ओढणीचं टोक माझ्या मुठीत धरलं आणि बसली, आणि माझा श्वास खाली बसंपर्यंत दोघी शेताकडं बघत राहिलो. मंग मी बोलली, हाक तू मारलीस?

"नाय. मी कोणाला हाक नाय मारली."

मी ओढणीचं टोक मुठीला गुंडाळलं. मंग तीच बोलली, "मी हाक मारलीच नव्हती आजी. पण तुझी ओ आली. म्हणून मी थांबली, बघू तरी, कोणाला ओ देते."

मी तिला सांगितलं नाय कोणाला. मी बोलली, तुला. आणि मंग बोलायला लागली ती, एवढे दिवस बांधून ठेवलेलं, ओढा फुटावा तसं. होस्टेलवरून डोळखांबला, आपल्या बाजूला यायला जी जीप असते, तिचा चालवणारा. पुढच्या सीटवर बसवायचा. मोबाइलमध्ये फोटो काढले, नको तसे, आणि आता बोलतो येत नाय तर तुझ्या बापाला पाठवीन. माझ्या जिभेवर आलं होतं, पुढं कशाला बसलीस? अगदी दातापर्यंत आलं. गिळलं. कवळीसकट गिळलं असतं तरी चाललं असतं. त्या काडीसारख्या पोरीचं ऐकून गिळलं, ते पण कबूल करते. मी एवढंच विचारलं, अजून कोण कोण बसतं पुढं? तिनं तीन पोरी सांगितल्या. त्यातली एक आपल्याच पाड्याची, सातवीची.

घरात आलो तेव्हा भाकरीचा कोळसा झालेला. दुसरी टाकली. सुकट होती, कांदा कापला, आणि आमी दोघी भर दुपारी जेवलो, घरातल्या कोणाच्या आधी. तिनं अर्धी खाल्ली. मंग मी आशावालीला फोन लावायला सांगितला. पहिल्याच रिंगला उचलला तिनं, आणि मी काय बोलते ते न ऐकता बोलली, येते. संध्याकाळी पोरगा आला, ऐकून लाल झाला, काठी घेऊन निघाला, मंग बसला, मंग बोलला हिची शाळा बंद. मी बोलली, शाळा कशाला, त्याची गाडी बंद कर. दुसऱ्या दिवशी चौकीत गेलो, चार पोरींच्या चार आया, मी, आणि आशावाली. ती सगळ्यांच्या पुढं, चहा विचारला तरी घेतला नाय तिनं. साहेबांनी आधी लिहून घ्यायला का-कू केलं, मंग लिहिलं. चालवणारा आत गेला. सुटंल पण कदाचित, मला कायद्यातलं कळत नाय. पोरी आता एसटीनं येतात, चौघी एकत्र, आणि आयांनी पाळी लावलीय थांब्यावर जायची. नात परत शाळेत गेली. दर आठवड्याला संस्थेची ती काडी तिच्याशी बोलते, काय बोलतात मी विचारत नाय. घरी आली की उजेडात जेवते. परवा पण गोळे केले तिनं. सहा. चार खाल्ले.

आणि मला अजून कोणी नेलं नाय. भगत खोटा, नाय तर ती विसरली. आता बारा वाजता काय ऐकू येत नाय. माशा बसलेल्या असतात त्या बसलेल्याच, रस्त्यावरच्या गाड्या चालू. तरी माझा हात थांबतो. आधी हाकेला थांबायचा, आता हाक नाय म्हणून थांबतो. मागलं दार मी उघडंच ठेवते, सून बोलते मांजर येतं, येऊ दे.

हा कागद तुला कुठं पाठवायचा. कोण वाचणार, तू अंगठा लावायचीस. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं हायत, लिहून झालं की चुलीत. म्हणून एक सांगून टाकते, जे नवऱ्याला सांगितलं नाय, पोराला नाय. तू सव्वीस वरसं दुसऱ्या हाकेची वाट बघितलीस. ती त्याच दिवशी आली होती. तू चुलीत जाळ सारत होतीस, तुझी पाठ होती, मी दारात. मला ऐकू आली. तू विचारलंस परत आली का गो, आणि मी नाय बोलली. दुसरीला तू उठली असतीस, रीतच होती. पण तव्यावरची भाकर माझी होती. सकाळपासून पोटात काय नव्हतं, गडी जेवून गेले, टोप पुसलेला, आणि तू उठली असतीस तर ती जळली असती. एवढंच. नऊ वरसांची होती मी.

तिसरी आली का, ते विचारू नको. मी सांगणार नाय.